रसायनीची एचओसी

पनवेलहून रोह्याकडे जाताना आपट्याच्या अलीकडे रसायनी स्टेशन लागते. पाताळगंगेच्या काठावरच्या या पट्ट्यात ‘एचओसी’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. पूर्ण नाव हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स. कंपनीची नोंद डिसेंबर १९६० मधली, तेव्हा इथला जिल्हा अजून कुलाबा नावानेच ओळखला जाई. रंग, औषधे आणि रबर उद्योगाला लागणारा पायाभूत माल परदेशातून आणावा लागे. तो इथेच बनावा म्हणून सरकारने हा कारखाना काढला.

मुख्य माल अ‍ॅनिलिन. बेन्झिनवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली की नायट्रोबेन्झिन होते. या क्रियेत उष्णता भरपूर सुटते. भांडे सतत ढवळत आणि थंड ठेवावे लागते. ढवळणी बंद पडून आम्ल नि बेन्झिनचे थर साचले आणि मग ती पुन्हा सुरू केली, तर साठलेली क्रिया एकदम उसळते. नायट्रोबेन्झिनला कडू बदामासारखा वास असतो, आणि तो फसवा आहे: पदार्थ विषारीच. पुढे उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला की अ‍ॅनिलिन. ताजे असताना बिनरंगी, हवा लागली की तपकिरी. ते कातडीतूनही रक्तात जाते आणि ओठ निळे पडतात. म्हणून अशा प्लांटमध्ये हातमोज्यांचा आग्रह ही नुसती शिस्त नसते.

आयातीला पर्याय म्हणून उभी राहिलेली ही कंपनी शेवटी आयातीपुढेच टिकली नाही. आयात शुल्क उतरले, स्वस्त परदेशी माल आला, आणि जुनी यंत्रे त्या भावाला माल देऊ शकेनात. केरळातल्या अंबलमुगळचा फिनॉल-अ‍ॅसिटोनचा कारखाना कंपनीने राखला. रसायनीचे प्लांट बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये मंजुरी दिली. चारशेहून अधिक एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची ठरली. कामगारांच्या वाट्याला स्वेच्छानिवृत्ती आली.

एक प्लांट मात्र वगळला: नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. बाजारात याला गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. पण इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातले ‘विकास’ इंजिन चालते ते इंधनाला या द्रवाची जोड मिळाल्यावरच. दोघांची गाठ पडताच मिश्रण ठिणगीशिवाय पेट घेते. हा द्रव एकवीस अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे कोकणातल्या साध्या दुपारीही तो बंद टाकीत दाबाखाली ठेवावा लागतो. गळला तर तांबूस-तपकिरी, फुप्फुसे जाळणारा वायू. देशात हा द्रव बनवणारी एचओसी एकटीच होती. क्षेपणास्त्रांनाही तो लागत असल्याने त्याच्या निर्यातीवर देशोदेशी निर्बंध आहेत. अ‍ॅनिलिन जहाजाने मागवता येते, हा द्रव तसा मागवता येत नाही.

म्हणून तो प्लांट सुमारे वीस एकर जागेसह इस्रोकडे देण्याचे ठरले. नफ्याचा हिशेब लावला असता तर तो सगळ्यांत आधी बंद झाला असता.