सांत्वन राजघराण्याचे, जाब सरकारला

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये १४ डिसेंबर २०१७ रोजी झालेली स्मृतिप्रार्थना संपल्यावर हातात पांढरे गुलाब आणि आप्तांची छायाचित्रे घेतलेली माणसे पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला आग लागून त्या दिवशी सहा महिने पूर्ण झाले होते. बळींची संख्या तेव्हा ७१ होती. पुढे ती ७२ झाली. प्रार्थनेस आलेले तत्कालीन युवराज चार्ल्स, कॅमिला, राजपुत्र विल्यम, त्यांच्या पत्नी केट आणि राजपुत्र हॅरी त्यानंतर मृतांच्या नातेवाइकांना आणि बचावलेल्यांना भेटले. पंतप्रधान थेरेसा मे आणि विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन हेही उपस्थित होते. ज्या केन्सिंग्टन-चेल्सी नगरपरिषदेच्या मालकीची ही इमारत, तिच्या नेत्या मात्र आल्या नाहीत. त्यांनी येऊ नये, अशी आपद्ग्रस्तांचीच इच्छा होती.

कोणाचे सांत्वन स्वीकारायचे आणि कोणाचे नाही, हे शोकाकुल माणसे अशा रीतीने ठरवतात तेव्हा तो एक राजकीय निवाडाच असतो. वॉल्टर बेजहॉट यांनी १८६७ मध्ये ब्रिटिश राज्यव्यवस्थेचे दोन भाग सांगितले होते: लोकांच्या मनात आदर जागवणारा एक आणि प्रत्यक्ष कारभार हाकणारा दुसरा. ग्रेनफेलच्या राखेतून ही विभागणी विलक्षण स्पष्टपणे दिसली. आगीच्या दुसऱ्या दिवशी मे घटनास्थळी गेल्या, पण रहिवाशांना न भेटता बचावपथकांशी बोलून परतल्या. त्याच्या पुढच्या दिवशी राणी एलिझाबेथ आणि विल्यम थेट आपद्ग्रस्तांमध्ये पोहोचले. त्याच दिवशी मे पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना घोषणांना तोंड द्यावे लागले. पहिल्या भेटीत आपले चुकले, अशी कबुली त्यांनी वर्षभराने दिली.

राणीचे काम सोपे होते, हेही मान्य केले पाहिजे. इमारतीला २०१६ पर्यंत झालेल्या नूतनीकरणात ज्वालाग्राही आच्छादन कोणी बसवू दिले, हा प्रश्न राजघराण्याला कोणी विचारणार नव्हते. ज्याच्या हाती काही नाही, त्याच्या हातात हात देणे जड जात नाही.

राष्ट्रपती भवनाचा कारभार जवळून पाहणाऱ्या वाचकास ही विभागणी नवी नाही. घटनेच्या कलम ७४ ने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशी बांधलेलेच आहे. पण आपल्याकडे दुर्घटनेनंतर पाहणी दौरा, सांत्वन, मदतीची घोषणा आणि चौकशीचे आश्वासन हे सारे बहुधा एकच मंत्री एकाच पत्रकार परिषदेत उरकतो. ज्याला जाब विचारायचा, त्याच्यापुढेच डोळे पुसायचे, अशी आपद्ग्रस्तांची कोंडी होते.

कॅथेड्रलमधील भेटीने ग्रेनफेलवासीयांच्या पदरात व्यवहारात काही पडले नाही. निवृत्त न्यायाधीश मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीत आणखी सदस्य नेमावेत, ही त्यांची मागणी होती. ती मे यांनी त्याच डिसेंबरमध्ये फेटाळली. दीड लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन, दर महिन्याच्या १४ तारखेची मूक पदयात्रा आणि संसदेतील दबाव यांनंतर मे २०१८ मध्ये सरकार नमले व दोन सदस्य देण्यास तयार झाले. राजपुत्रांच्या आस्थेला जे अशक्य होते, ते मतपेटीची भीती असलेल्या सरकारकडून मिळवावे लागले.

चौकशीचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. सर्व मृत्यू टाळता आले असते, असे मूर-बिक यांनी स्पष्टपणे सांगितले. दोष सरकार, नगरपरिषद आणि बांधकाम साहित्याच्या कंपन्या अशा सर्वांच्या पदरी टाकला. चार्ल्स तोवर राजे झाले होते. ब्रिटिश राज्यसंस्थेच्या वतीने माफी मात्र त्या दिवशी पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मागितली.