खुराड्यात रात्री कोण आले होते?

फजरच्या अजानीनंतर खुराड्याचे दार उघडावे आणि आतून नेहमीचा कलकलाट येऊ नये, म्हणजे काय होते ते ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनाच कळेल. पावसाळा संपता संपता आमच्या घरी अशी एक सकाळ उगवली. सात गावठी कोंबड्यांपैकी एक मरून पडलेली, एक तलंग गायब आणि खुडुक बसलेल्या कोंबडीखालची अंडी फुटलेली. चाची मटकन खाली बसली. तिच्या अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या यायच्या.

मग जे गावोगाव होते तेच आमच्याकडे झाले. शक गेला तो शेजारच्या काकींच्या कुत्र्यावर. चाची कुंपणापाशी जाऊन नको ते बोलली, काकीही गप्प बसल्या नाहीत. त्यानंतर तीन आठवडे कुंपणावरून ना सालनाची वाटी गेली, ना कोकमे आली. काकींनी कुत्रा बांधून ठेवला, तरी आमची आणखी एक कोंबडी गेलीच. तेव्हा दादी म्हणाली, "भांडून झालं असेल तर चुलीतली राख चाळा आणि खुराड्याभोवती पसरा. कोण येतंय ते तोच सांगेल."

सकाळी राखेत पंजे उमटले होते, पाच बोटांचे. कुत्र्याच्या पंजाची चार बोटे उमटतात. मागच्या भिंतीवर पपईच्या बिया असलेली विष्ठा सापडली आणि खुराड्यावरचे एक कौल सरकलेले दिसले. फणसाच्या फांदीवरून उतरणारे ते उदमांजर होते. कुत्र्यावर आम्ही उगाच तोहमत घेतली होती.

म्हणून हा लेख. कोंबडी गेली की आधी पाहावे, मग बोलावे.

खुणा काय सांगतात?

पहिला प्रश्न वेळेचा. दिवसाउजेडी अंगणातून एखादे पिल्लू नाहीसे झाले आणि मागे काहीच उरले नाही, तर वर पाहा. घार किंवा शिक्रा ते काम करतो. कावळाही लहान पिल्ले उचलतो. मुंगूसही दिवसाच हिंडते. ते मान किंवा डोके धरते आणि अंडी फोडून खाते.

रात्रीचे पाहुणे वेगळे. उदमांजर छपरातून येते. बाऊल, म्हणजे रानमांजर, संधिप्रकाशात किंवा रात्री येते, सबंध कोंबडी उचलते आणि झुडपांपर्यंत पिसांची वाट सोडते. मांजराच्या जातीच्या पंजात सहसा नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. मोकाट कुत्रे शिरले तर पाच-सहा कोंबड्या मारून तशाच टाकतात, खातात थोडे. जाळी ओरबाडलेली किंवा दाराखाली माती उकरलेली असते.

अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर सापाचा विचार करावा. पिल्लू मेलेले, पण डोके आणि मान ओलसर, चिकट असेल तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिले असण्याचा संभव आहे. म्हणून अंधारात खुराड्यात हात घालू नका, आधी बॅटरी मारा. उंदीर-घुशी लहान पिल्ले बिळात ओढतात आणि झोपलेल्या कोंबड्यांच्या पायांना चावतात. जाळीला टेकून बसलेली कोंबडी डोक्याविना सापडली, तर कुणीतरी बाहेरूनच तिला ओढले आहे.

एक गोष्ट विसरू नये. खाल्लेली कोंबडी खाणाऱ्यानेच मारली असे नाही. जिवंतपणी चावा बसला तर जखमेभोवती रक्त साकळते. अंगावर जखम नसताना एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, माना वाकड्या होऊ लागल्या, तर तो मानमोडीसारखा रोग असू शकतो. तेव्हा जाळी शोधत बसू नये, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

बंदोबस्त कसा करावा?

बाजारातली षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण जनावराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी. ती जमिनीपाशीच संपवू नये. बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती आणि दगड टाकावेत, म्हणजे उकरणाऱ्याला आत शिरता येत नाही. जमल्यास खुराडा दीड-दोन फूट उंचावर बांधावा किंवा तळाला चिरे घालावेत. कौले आणि भिंत यांच्यातली फट बुजवावी, छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. दाराला नुसता खिळा पुरत नाही, कडी आणि वर खटका हवा.

अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. उरलेले दाणे रात्री झाकून ठेवावेत. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत दिवसा डालग्याखाली किंवा वरून जाळे ताणलेल्या जागेत ठेवावीत. मगरिबच्या आधी सगळ्या मोजून आत घ्याव्यात. आमच्या घरी हे काम आता सर्वांत धाकट्याकडे आहे आणि तो एकदाही चुकत नाही.

विष नको

रागाच्या भरात पिठाच्या गोळीत विष घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ती गोळी कुणाच्या पोटात जाईल हे घालणाऱ्याला सांगता येत नाही. शेजारचे मांजर, कुत्रा, घार, कधी रांगते मूलही तिच्यापर्यंत पोहोचते. शिवाय मुंगूस, उदमांजर, बाऊल, नाग यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे गुन्हा आहे. बिबट्याचा माग दिसला तर स्वतः पाठलाग करू नये, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जनावराने मारलेली कोंबडी स्वस्तात देऊन टाकण्याचा मोहही नको. आपल्यासाठी ती हलाल नाही. जिवंत हाती लागली आणि जबह झाली तरच प्रश्न सुटतो, हे सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीतच आले आहे. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरावी, नाहीतर तिच्या वासावर दुसरे जनावर येते.

आमचे कौल बसवले, फांदी तोडली, जाळी बदलली. त्यानंतर उदमांजराची विष्ठा भिंतीवर दिसते, पण कोंबडी गेलेली नाही. पपया मात्र तो खातो, त्या त्याच्याच समजायच्या.

राहिला प्रश्न काकींचा. ती दुरुस्ती सर्वांत अवघड होती. चाचीने डझनभर अंडी टोपलीत भरली, कुंपणाशी न थांबता थेट काकींच्या पडवीत गेली आणि म्हणाली, "काकी, माझंच चुकलं. तुमचा मोत्या नव्हता." काकी काही बोलल्या नाहीत. टोपली आत नेली, रिकामी करून आणली आणि परत देताना तिच्यात मूठभर कोकमे टाकली.