रेड बार्बर यांचे समालोचन

अमेरिकेतील वॉल्टर ऊर्फ रेड बार्बर हे १९३४ पासून नभोवाणीवरून बेसबॉलच्या सामन्यांचे वर्णन करीत. ध्वनिक्षेपकाजवळ ते तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवीत. वाळू खाली उतरली, की गुणसंख्या सांगावयाची व घड्याळ उलटे करावयाचे, हा त्यांचा नेम! मधूनच ऐकू लागलेल्या श्रोत्यास मैदान कोठून दिसणार? १९३९ मध्ये दूरचित्रवाणीने मेजर लीगचा सामना प्रथमच दाखविला, तेव्हाही निवेदक तेच होते.

१९६६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या नोकरीत होते. त्या संघाच्या विशाल क्रीडांगणावर एका सामन्यास अवघे ४१३ प्रेक्षक आले. कॅमेऱ्याने रिकामी आसने दाखवावीत, असे बार्बरांनी सुचविले. ते नाकारण्यात आले. तेव्हा, आजची खरी बातमी खेळ नसून ही तुरळक उपस्थितीच आहे, असे त्यांनी प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले. थोड्याच दिवसांत, पुढील वर्षी आपली नेमणूक होणार नाही, असे त्यांस कळविण्यात आले.