लाकडी गाडी सरळ का पळत नाही?



बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि घाट पुन्हा गजबजले. मोठ्यांचं बघून पोरांनाही गाडा पळवायचा असतो. आपल्या रिहे खोऱ्यात उताराला तोटा नाही. फळकुटाची गाडी करावी, उतारावर सोडावी आणि कुणाची पुढं जाते ते बघावं.

छोट्या गाडीचा नाद जुनाच. प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ साली दोन बैल जुंपलेला काशाचा रथ सापडला, लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. तो खेळणं होता की पूजेचा, हा वाद पंडितांनी घालावा. लाकडी मोटारींची शर्यत मात्र अमेरिकेतली. १९५३ साली कॅलिफोर्नियात डॉन मर्फी या गृहस्थाचा मुलगा मोठ्या गाड्यांच्या शर्यतीला वयाने लहान पडला, म्हणून त्यांनी बाप-लेकांनी मिळून करायच्या छोट्या गाड्यांची शर्यत काढली. गाडीला इंजिन नाही, नुसता उतार.

आता मुख्य मुद्दा. गाडी एका अंगाला ओढते ती बहुधा आखामुळं. बैलगाडीला एकच आख, तिथं ही भानगड नाही. चार चाकांना दोन आख आले, आणि ते समांतर नसले की गाडी तिरकीच जाणार. दोन्ही बाजूंनी आखांतलं अंतर सुतळीनं मोजा. केसभर फरकही नडतो. आख गुळगुळीत घासा. वंगण म्हणून तेल घालू नका, ते लाकडात मुरतं, वर धूळ बसते. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा.

चाकं हलकी ठेवा. उताराचा काही जोर चाक फिरवण्यातच खर्च होतो. अंग मात्र जड चालेल, कारण हलक्या गाडीला वारा जास्त अडवतो. वजन मागच्या बाजूला ठोकलं तर ते उतारावर थोडं उंचावरून निघतं, तेवढा वेग जास्त मिळतो. म्हणूनच शर्यतीआधी सगळ्या गाड्या किराणा दुकानाच्या तराजूवर घाला. अमेरिकेत मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. नाहीतर ज्याच्या घरी शिसं जास्त त्याचीच गाडी पुढं!

करवत आणि पटाशी बापाच्या किंवा आजोबांच्या हाती, पॉलिश पेपर पोराच्या हाती. उलटं नको. आणि पोराची गाडी बापानंच पुरी करू नये. असले बाप प्रत्येक गावात असतात.

शर्यत रस्त्यावर मात्र घेऊ नका. हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रेलर जोडलेले असतात, मागच्या ट्रेलरजवळ काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. ऊस ओढायला पोरं त्यामागं पळतात तेच आधी बंद करायला हवं. शाळेच्या मैदानात दोन लांब फळ्या उतरत्या लावा, दोन्हींना कडेनं पट्टी ठोका, आणि खाली भाताच्या पेंढ्याचा ढीग ठेवा. गाडी त्यातच थांबेल.