डोंगराआडचे उड्डाण

तंजावरच्या राजवाड्यातील उंच मनोऱ्यावरून पूर्वी टेहळणी होत असे. उंचीवरून दूरचे दिसते; परंतु डोंगराआड किंवा क्षितिजाखाली जे असते, ते दिसत नाही. रडारलाही जवळजवळ हाच नियम लागू पडतो. म्हणूनच लढाऊ वैमानिक डोंगराळ मुलखात दऱ्याखोऱ्यांतून, जमिनीलगत उडतो. २०२० साली तंजावरच्या विमानतळावर सुखोई-३० विमानांचे पथक दाखल झाले. तेथे भोवती कावेरीचा सपाट प्रदेश आणि पलीकडे समुद्र. समुद्रावर पृथ्वीची वक्रताच डोंगराचे काम करते. वीस मीटर उंचीवरील रडारला दहा हजार मीटरवरचे विमान सुमारे ४३० किलोमीटरांवरून दिसू शकते. शंभर मीटरवरचे मात्र सुमारे ६० किलोमीटरांवरूनच. पण ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात २५० मीटर अंतर कापते. शत्रूपासून लपविणारा डोंगरच क्षणभराच्या अनवधानाने वैमानिकाचा काळ ठरतो.