मोहतर्फा आणि लायसन : लहान उदम्यांवरील करांची कथा

जुनीं मोडी दफ्तरें हाताळणाऱ्यास "मोहतर्फा" हा शब्द पदोपदीं भेटतो. कसब्याच्या जमाबंदींत शेतसाऱ्याच्या बाबी संपल्या कीं त्यांच्या खालीं ही बाब येते, आणि वाचणारा बहुधा ती ओलांडून पुढें जातो. इनामांचे, वतनांचे व लढायांचे कागद ज्या आस्थेनें जमविले जातात त्या आस्थेनें तेली, साळी, वाणी, कासार यांच्या देण्याघेण्याचे कागद कोणी जमवीत नाहीं. त्यामुळें सरकारचा खर्च वाढला म्हणजे त्याचा भार पेठेंतल्या लहान माणसावर कसा उतरे, हें आपणांस सरकारच्याच तोंडून कळतें. दुकानदाराच्या तोंडून कळत नाहीं. प्रस्तुत लेखांत पेशवाईंतील मोहतर्फ्यापासून १८७८ सालच्या लायसन-करापर्यंतचा क्रम सांगण्याचा हेतु आहे. लहान उदम्याची तक्रार कर द्यावा लागतो एवढीच कधीं नव्हती. तो कोण आकारतो, कोणास त्यांतून सोडलें जातें, आणि पैसा जातो कोठें, या तीन गोष्टींविषयीं ती होती, असें हा क्रम पाहिल्यावर दिसून येतें.

मोहतर्फा हा शब्द अरबी "हिर्फा" म्हणजे हुन्नर, धंदा, यावरून आलेला आहे. धंदेवाईक माणसांवरील कर हा त्याचा मूळ अर्थ. साळ्याचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचें दुकान, अशा धंद्याच्या साधनांवर तो बसे. कांहीं ठिकाणीं घरावरही बसे. पुष्कळ ठिकाणीं एकेका जातीवर अगर धंद्यावर ठोक रकम ठरे व तिची फाळणी त्या त्या समाजाचे शेटे, महाजन, चौधरी आपसांत करीत. ही पद्धति न्यायाची होती असें म्हणण्याचें धाडस करवत नाहीं, कारण फाळणी करणाराच पेठेंतला बडा असे. परंतु तीत एक गोष्ट होती. आकारणारा माणूस ओळखीचा असे, आणि कोणाचें दुकान बसलें, कोणाचा माग बंद पडला, हें त्यास विचारावें लागत नसे. नादार झालेल्यास सूट दिल्याच्या नोंदी याद्यांतून सांपडतात त्या याच ओळखीमुळें.

नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे सरकार याच कराचा उपयोग उलट बाजूनें करी. उदम्यांनीं येऊन दुकानें घालावीं म्हणून कौल दिला जाई व त्यांत कांहीं वर्षें कर माफ केल्याचें लिहून दिलें जाई. दुकानदार हा जुलमानें आणतां येत नाहीं, भार फार झाला तर तो उठून शेजारच्या सरदाराच्या पेठेंत जातो, हें तत्कालीन राज्यकर्त्यांस पक्कें ठाऊक होतें. कौलनाम्यांतील गोड भाषा ही उदारपणाची नसून या भीतीची आहे, असें माझें मत आहे.

जकातीची गोष्ट मात्र निराळी. माल भरला तेथें थळभरीत, माल उतरला तेथें थळमोड, आणि मधल्या वाटेवर नाक्यानाक्यावर आणखी कांहीं. वाटेंतील मुलूख कधीं सरकारी, कधीं सरंजामी, कधीं इनामी. प्रत्येकाचा दर निराळा व प्रत्येकाचा कारकून निराळा. या गोंधळांतून हुंडेकरी नांवाचा एक वर्गच निर्माण झाला. व्यापाऱ्यानें हुंडेकऱ्यास ठोक रकम द्यावी व त्यानें वाटेंतील सर्व नाकीं आपण चुकवून माल पोंचता करावा, असा हा व्यवहार असे. एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत या हुंडेकऱ्यांचा उल्लेख आहे. मोठा सावकार हुंडेकऱ्याशीं बोली करून मोकळा होई. दोन बैलांवर माल लादून जाणाऱ्या फिरत्या वाण्याला मात्र ती सोय परवडण्यासारखी नसे. नियम जितके गुंतागुंतीचे तितका त्यांतून वाट काढून देणाऱ्याचा धंदा तेजींत, हें त्या काळींही खरें होतें. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती मक्त्यानें दिल्या जाऊं लागल्यावर तर मक्तेदाराला आपला पैसा मुदतींत वसूल करावयाचा असे; पुढच्या सालीं पेठ राहिली कीं ओस पडली याची त्यास फिकीर नसे.

कंपनी सरकारनें हें सर्व एकदम मोडलें नाहीं. मुंबई इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती १८३७-३८ च्या सुमारास उठल्या, व त्यांच्या भरपाईसाठीं मिठावर मणीं आठ आणे कर बसला. पुढें १८४४ सालच्या १९ व्या कायद्यानें शहर-जकाती, मोहतर्फा, गुजराथेंतील कसबवेरा, बलुत्यांवरील पट्ट्या व धंद्यांवरील इतर सर्व लहानमोठे कर इलाख्यांतून रद्द करण्यांत आले. हा कायदा वाचून त्या वेळच्या दुकानदारानें दिवे लावले असतील. परंतु त्याच सालीं मिठाचा कर आठ आण्यांचा एक रुपया झाला. दुकानाच्या दारांतून बाहेर गेलेला कर स्वयंपाकघराच्या दारांतून आंत आला. सुरतेस ऑगस्ट १८४४ मध्यें याविरुद्ध मोठा दंगा झाला, तेव्हां सरकारास कर बारा आण्यांवर आणणें भाग पडलें. त्याच सुरतेच्या बाजारानें १८४८ सालीं बंगाली वजनें व मापें लागू करण्याच्या हुकुमास बहिष्कारानें उत्तर दिलें. वजनें बदलणें ही सरकारच्या दृष्टीनें केवळ व्यवस्थेची बाब. पण दुकानदारास नवीं वजनें विकत घ्यावीं लागतात, गिऱ्हाइकाशीं रोज वाद घालावा लागतो, व जुन्या उधारीचा हिशेब फिरवून मांडावा लागतो. हा खर्च कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

१८५७ च्या उठावाच्या बंदोबस्तासाठीं हिंदुस्थानच्या तिजोरीवर सुमारें चार कोटी पौंडांचा बोजा पडला. तो निवारण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन यास जमाखर्चाचा मंत्री म्हणून पाठविण्यांत आलें. त्यानें १८६० सालीं प्राप्तीवरील कर आणला, आणि त्याच्या समर्थनार्थ मनूचाही हवाला दिला. व्यापाऱ्याच्या नफ्यांतून राजानें भाग घ्यावा असें तुमच्याच शास्त्रांत आहे, हा त्याचा युक्तिवाद. शास्त्राचा आधार देणाऱ्या या कायद्याचीं कलमें मात्र २५९ होतीं व त्याचा सांचा विलायती कायद्याचा होता. वर्षास २०० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत प्राप्ति असणाऱ्यावर शेंकडा दोन व त्यावरील प्राप्तीस शेंकडा चार असा दर होता. ज्याचा जमाखर्च एका मोडी वहींत मावतो व ज्यास दुकानाचा खर्च आणि घरखर्च निराळा ठेवण्याची संवय नाहीं, अशा माणसास वार्षिक प्राप्तीचें प्रतिज्ञापत्र भरून द्यावयास सांगणें म्हणजे काय, याची कल्पना करावी.

याच वेळीं मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यानें या करांस उघड विरोध केला. तूट भरून काढावयाची असेल तर आधीं खर्च, विशेषतः लष्करी खर्च, कमी करा. या देशास अपरिचित असे कर बसवूं नका, असें त्याचें म्हणणें होतें. त्यानें आपलें मत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होऊं दिलें, म्हणून त्यास १८६० सालींच परत बोलाविण्यांत आलें. विल्सन त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारला. ५०० रुपयांखालील प्राप्तीवरचा कर १८६२ सालीं सोडून द्यावा लागला. दैवाची गति अशी कीं ट्रेव्हेलियनच पुढें १८६३ सालीं जमाखर्चाचा मंत्री होऊन आला, आणि त्याच्या कारकीर्दींत, १८६५ सालीं, हा कर मुदत संपून बंद पडला.

पुढील दहा वर्षांत नांवें बदलत राहिलीं. १८६७ सालीं लायसन-कर, १८६८ सालीं सर्टिफिकिट-कर, १८६९ पासून १८७३ पर्यंत पुन्हा प्राप्तीवरील कर. करमाफीची मर्यादाही २०० वरून १००० रुपयांपर्यंत गेली. या चढउताराचे तपशील येथें देत नाहीं. संग्राहकांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, या काळांतील कराच्या पावतीवर कोणतें नांव आहे यावरून तिचें साल बरेंच नक्की ठरवितां येतें.

आतां १८७८ सालाकडे वळूं, कारण या सर्व कथेचा गाभा तेथें आहे. १८७६ ते १८७८ या काळांतील दुष्काळानें दक्षिण महाराष्ट्र होरपळून निघाला होता. पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून दरसाल दीड कोट रुपयांचा निधि उभारावा असें लॉर्ड लिटन याच्या सरकारनें ठरविलें. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या ३ ऱ्या कायद्यानें व्यापार, उदीम व हस्तव्यवसाय करणाऱ्यांवर लायसन-कर बसला, आणि करमाफीची मर्यादा धरली वर्षास अवघी १०० रुपये. शंभर रुपये म्हणजे महिन्यास आठ रुपये पांच आणे. म्हणजे ज्यास दुष्काळानें नुकतेंच खाऊन टाकलें होतें त्याच्याकडूनच पुढच्या दुष्काळाची वर्गणी मागितली गेली. उलट, महिना पन्नास रुपये मिळविणारा सरकारी कारकून, शेंकड्यांनीं मिळविणारा वकील आणि हजारांनीं मिळविणारा गोरा अधिकारी यांस हा कर नव्हता, कारण त्यांचा "उदीम" नव्हे. कर आकारणारा माणूस स्वतः करांतून मुक्त, आणि ज्याच्यावर आकारावयाचा तो मिठामिरच्यांचा दुकानदार. पेशवाईंतील शेट्या निदान स्वतःही मोहतर्फा देणारांपैकींच होता.

सुरतेच्या दुकानदारांनीं एप्रिल १८७८ च्या आरंभीं दुकानें बंद ठेवलीं. कांहीं दिवसांनीं त्याचा शेवट दंग्यांत व गोळीबारांत झाला. त्याच्या आदल्याच महिन्यांत देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता, हें विसरतां येत नाहीं; त्या सालचीं देशी वर्तमानपत्रें वाचतांना तीं या कायद्याच्या छायेंत लिहिलेलीं आहेत हें मनांत बाळगावें. पुण्याच्या सार्वजनिक सभेचें त्रैमासिक याच वर्षीं निघूं लागलें.

कर बसतो तेव्हांचा राग आणि पैसा कोठें गेला हें कळतें तेव्हांचा राग, यांत फरक आहे. नोव्हेंबर १८७८ मध्यें अफगाण युद्ध सुरू झालें. १८७९ च्या अंदाजपत्रकांत दुष्काळनिधीची तरतूद बाजूस सारली गेली. आणि त्याच मार्च महिन्यांत जाड्याभरड्या विलायती कापडावरील आयात-जकात लिटननें आपल्या मंडळांतील बहुमत डावलून माफ केली. पुढें १८८० सालीं युद्धखर्चाचा अंदाज फार मोठा चुकल्याचें उघड झालें. सोलापुरच्या साळ्याकडून दुष्काळासाठीं म्हणून घेतलेला रुपया एकीकडे काबूलच्या वाटेवर खर्ची पडावा, आणि दुसरीकडे त्याच साळ्याच्या धोतरजोडीशीं स्पर्धा करणाऱ्या मँचेस्टरच्या मालास सूट मिळावी, यापेक्षां अधिक बोचरा हिशेब शोधून सांपडणें कठीण. करमाफीची मर्यादा १८८० सालीं ५०० रुपयांवर नेण्यांत आली, व लहान दुकानदार त्यांतून सुटला. पगारदारांस करांत ओढण्यास १८८६ सालचा प्राप्तीवरील कराचा कायदा यावा लागला.

मोहतर्फ्याचा वंश अजून खुंटलेला नाहीं. महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्यानें बसलेला व्यवसाय-कर हा त्याचाच वारस होय. घटनेच्या २७६ व्या कलमानें त्यावर वर्षास २५०० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. शहर-जकात तर १८४४ सालीं जाऊनही नगरपालिकांच्या रूपानें परत आली, व मुंबईच्या हद्दीवरील नाकीं २०१७ च्या जुलैपर्यंत उभीं होतीं.

आतां कागदांविषयीं. ज्या लायसन-करावर इतका रोष झाला त्याच्याच आकारणीच्या याद्यांवरून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरकारांनीं प्रत्येक जिल्ह्यांत व्यापारी व कारागीर किती व कोणत्या प्राप्तीचे, हें दिलें आहे. परंतु त्या संख्या म्हणजे आकारणाऱ्याचा अंदाज. दुकानदाराची खरी प्राप्ति नव्हे. दोहोंतील अंतर मोजावयाचें तर त्याच गांवच्या दुकानाची रोजकीर्द व खतावणी हातीं पाहिजे. अशा वह्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावरून निघतात आणि बहुधा रद्दीच्या भावानें जातात, कारण त्यांत शिक्का नसतो व मोठें नांवही नसतें. १८७८ ते १८८० या तीन सालांतील वही मिळाल्यास लायसनाची रकम कोणत्या खात्यावर खर्ची टाकली आहे तें पहावें. ती सरकारदेण्यांत आहे कीं किरकोळांत, आणि तिच्या शेजारीं कारकुनास अगर शिपायास दिलेल्या पोस्ताची नोंद आहे कीं काय, यावरून पुष्कळ कळेल.

कागदाचें साल ठरवितांना आणखी एक सावधगिरी बाळगावी. १८४४ चा कायदा इलाख्याच्या खालसा मुलखापुरता होता. संस्थानांस तो लागू नव्हता; म्हणून मोहतर्फ्याची नोंद दिसली एवढ्यावरून कागद १८४४ पूर्वींचा ठरत नाहीं. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा होण्याचें ठरलें, तोंपर्यंत तेथील पेठा या कायद्याच्या बाहेर होत्या. त्यामुळें साताऱ्याकडील यादींत ही बाब असेल तर गांव कोणत्या अमलांत होता हें आधीं पहावें, आणि मग सालाचा निर्णय करावा.