सामुराई, ल
सामुराई, ल : एक प्रसिद्ध फ्रेंच गुन्हेगारीपट (१९६७). त्याचा दिग्दर्शक झां-प्येर मेल्व्हिल (१९१७–७३) असून पैसे घेऊन खून करणाऱ्या जेफ कॉस्टेलोची प्रमुख भूमिका आलँ दलाँ (१९३५–२०२४) याने केली आहे. आरंभी बुशिदो या सामुराईंच्या आचारसंहितेतील म्हणून एकाकीपणाविषयीचे एक वचन पडद्यावर येते. ते वस्तुतः मेल्व्हिलनेच रचलेले आहे.

कथानक साधे आहे. पॅरिसमधील एका नाइट क्लबच्या मालकाचा खून करून बाहेर पडताना कॉस्टेलोला तेथील पियानोवादिका समोरासमोर पाहते. तथापि ओळख-परेडीत ती त्याला ओळखण्याचे नाकारते. पोलिसांचा संशय मात्र फिटत नाही आणि ज्यांनी त्याला हे काम दिले, तेही त्याच्या जिवावर उठतात.

गुन्हेगारीपटात सामान्यतः नायकाचा पूर्वेतिहास वा त्याचे मनोगत संवादांतून कळते. येथे दोन्ही नाहीत. पहिली सुमारे दहा मिनिटे एकही संवाद नाही : करड्या रंगाची खोली, पलंगावर पडलेला माणूस, सिगारेटचा धूर आणि पिंजऱ्यातील पक्ष्याची चिवचिव. आंरी दका याचे छायाचित्रण रंगीत आहे. पण त्यातील रंग जवळजवळ विझलेले आहेत. कॉस्टेलोचा स्वभाव प्रेक्षकाला कळतो तो केवळ त्याच्या कृतींच्या शिस्तीतून. मोटार चोरताना तो जुडग्यातील किल्ल्या एकामागून एक लावून पाहतो, पण त्याच्या चेहऱ्यावर घाई दिसत नाही. आरशासमोर टोपीच्या कडेवरून बोटे फिरविण्याची त्याची लकब हा जणू एक विधीच होय.

दलाँची ख्याती त्याच्या देखणेपणावर उभी होती व या भूमिकेतही त्याला केवळ शोभिवंत ठरविण्याचा मोह होतो. तो मत न्याय्य नाही. भावना दाबणे आणि भावना नसणे यांतील भेद त्याने अतिशय बारकाईने राखला आहे. दंडावरील गोळीची जखम तो स्वतःच धुऊन बांधतो. त्या प्रसंगी चेहऱ्यावर वेदना क्षणभरच उमटते, आणि म्हणूनच ती जाणवते. आपल्या गैरहजेरीत खोलीत कोणी तरी येऊन गेले, हे त्याला पक्ष्याच्या अस्वस्थतेवरून उमगते. त्याच्याशी खऱ्या अर्थाने बोलणारा तो एकच जीव, असे वाटून जाते.

अखेरीस कॉस्टेलो पुन्हा त्या क्लबात येतो. टोपी ठेवायला देतो, पण तिची पावती उचलत नाही. तो पियानोवादिकेवर पिस्तूल रोखतो आणि दबा धरून बसलेले पोलीस त्याला गोळ्या घालतात. नंतर पोलीस अधिकारी ते पिस्तूल उघडून पाहतो. त्यात एकही गोळी नसते. ही आत्महत्या, प्रायश्चित्त की साक्षीदार स्त्रीच्या उपकाराची फेड, याचा उलगडा चित्रपट करीत नाही.

जॉन वू याचा द किलर (१९८९) व जिम जारमुश याचा घोस्ट डॉग (१९९९) या चित्रपटांवर त्याचा प्रभाव स्पष्ट दिसतो.